वेगवान कॅटामरान कार फेरी: मराठवाड्यातून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरीही पॉलिटेक्निकमधली मुले, मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणारी बीड-लातूरची पोरे आणि दिवाळीच्या सुट्टीत गाडी घेऊन कोकणात उतरणारी कुटुंबे या बोटींविषयी मनापासून विचारतात. मी जहाजबांधणीवर व्याख्याने देतो. तिथे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

दाभोळ-धोपाव्याच्या जंगलजेट्टीत आम्ही गाडी चढवली आहे. ही बोट तिच्यापेक्षा वेगळी कशी?

जंगलजेट्टी ही सपाट बुडाची, एकाच हलची, संथ बोट. हल म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा भाग. वाशिष्ठीच्या खाडीसारखे अरुंद, शांत पाणी ओलांडायला ती उत्तम आहे. कॅटामरानला दोन हल असतात, लांब, अरुंद आणि एकमेकांपासून बरेच दूर. त्यांच्यावर आडवा मजला टाकलेला असतो. त्या मजल्यावर गाड्या उभ्या राहतात आणि त्याच्या वर प्रवाशांची दालने असतात. मोठ्या कार फेऱ्यांची लांबी साधारण ७४ मीटरपासून १३० मीटरपर्यंत जाते. वेग ३५ ते ४० नॉट. एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, म्हणजे ३५ नॉटला ही बोट ताशी ६५ किलोमीटरने चालते. दोनशे मोटारी आणि हजारभर माणसे घेऊन खुल्या समुद्रात ६५ चा वेग धरणे ही मोठीच गोष्ट आहे.

दोन हलांची कल्पना कोणाची?

एका माणसाची नाही. पॅसिफिक बेटांवरचे लोक दोन नावा जोडून हजारो किलोमीटरचे समुद्र ओलांडत होते. आपल्या पूर्व किनाऱ्यावर ओंडके बांधून केलेले तराफे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. युरोपात विल्यम पेटी यांनी १६६०च्या दशकात दुहेरी हलची जहाजे बांधून पाहिली. अमेरिकेत नॅथनेल हेरेशॉफ यांनी १८७६ मध्ये दोन हलांची शिडाची बोट शर्यतीत उतरवली. इंजिनवर चालणाऱ्या प्रवासी कॅटामरान बोटी १९७०च्या दशकात नॉर्वेच्या खाड्यांमध्ये रुळल्या, पण त्यांत मोटारी चढत नव्हत्या.

मोटारी घेऊन वेगाने जाण्याचे काम त्या काळी हॉवरक्राफ्ट करत असे. इंग्लिश खाडीवर १९६८ पासून मोठी हॉवरक्राफ्ट धावू लागली आणि २००० साली बंद झाली. पाण्यावर तरंगत, हवेच्या गादीवरून अर्ध्या-पाऊण तासात डोव्हरहून फ्रान्स. पण ती फार महाग पडत, आवाज प्रचंड करत आणि समुद्र खवळला की थांबत. कॅटामरानने त्यांचीच जागा घेतली.

मग या बोटींचे माहेर टास्मानिया कसे? ते तर जगाच्या टोकाला आहे.

हा माझा आवडता प्रश्न.

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचे बेट. होबार्ट ही त्याची राजधानी डरवेंट नदीच्या दोन्ही काठांवर वसली आहे आणि दोन्ही काठ टास्मान पुलाने जोडलेले आहेत. ५ जानेवारी १९७५ च्या रात्री जस्ताचे खनिज घेऊन येणारे 'लेक इलावारा' हे जहाज पुलाच्या खांबांवर आदळले. पुलाचा मोठा भाग कोसळला, जहाज बुडाले, १२ माणसे गेली. पूर्वेकडच्या काठावर राहणाऱ्या हजारो लोकांची नोकरी, दवाखाना, बाजार सगळे पश्चिमेकडे होते. रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा.

तिथे रॉबर्ट क्लिफर्ड यांच्या लहान फेरीबोटी चालत होत्या. ते मूळचे मासेमारी करणारे. पूल पडल्यावर सगळे शहर त्यांच्या धक्क्यावर येऊन उभे राहिले. पूल पुन्हा सुरू झाला तो ऑक्टोबर १९७७ मध्ये, म्हणजे मध्ये अडीच वर्षांहून जास्त काळ गेला. त्या काळात क्लिफर्ड यांना एक गोष्ट पक्की कळली: जास्त माणसे, कमी वेळात, कमी खर्चात न्यायची असतील तर बोटीची रचनाच बदलावी लागेल. १९७७ मध्येच त्यांची पहिली कॅटामरान पाण्यात उतरली. जहाजरचनाकार फिलिप हर्कस यांच्याबरोबर त्यांनी इंटरनॅशनल कॅटामरान्स ही कंपनी काढली. तिच्यातूनच पुढे होबार्टची 'इनकॅट' उभी राहिली. हर्कस यांनी सिडनीत स्वतंत्र रचना-कार्यालय चालवले.

पोलाद कारखाने, मोठी बाजारपेठ यांतले काहीही जवळ नसताना एका लहान शहरात हा उद्योग वाढला. संभाजीनगर, जालना, नांदेडच्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावे असे मला वाटते. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावर १९८८ मध्ये 'ऑस्टल' ही दुसरी कंपनी निघाली. आज जगातल्या मोठ्या वेगवान कार फेऱ्यांत या दोन कंपन्यांचा वाटा फार मोठा आहे.

दोन हलांनी वेग कसा वाढतो?

बोट पुढे जाताना पाणी दोन प्रकारे विरोध करते. एक म्हणजे हलच्या पृष्ठभागाशी होणारे घर्षण, आणि दुसरे म्हणजे लाटा उठवण्यात वाया जाणारी शक्ती. वेग वाढत गेला की दुसरा खर्च भयानक वाढतो. रुंद बोट मोठ्या लाटा उठवते. हल अरुंद आणि लांब केला तर लाटा लहान उठतात.

मग एकच अरुंद हल का ठेवत नाहीत? कारण ती बोट कलंडेल. गाड्या आणि माणसे वर, आणि खाली चिंचोळा आधार. दोन अरुंद हल दूर ठेवले की स्थैर्य अंतरातून मिळते आणि वरती रुंद, चौकोनी मजला मोकळा मिळतो. गाड्या लावायला चौकोनी मजल्यासारखी सोय नाही.

याची किंमतही आहे. दोन हल म्हणजे पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त, त्यामुळे कमी वेगाला कॅटामरान साध्या बोटीपेक्षा तोट्यात जाते. शिवाय तिला ओझ्याचा फार राग. अरुंद हल थोड्याशा वजनानेही खोल बसतात आणि वेग लगेच उतरतो. या बोटीबद्दल पुढे जे काही सांगणार आहे, ते सगळे याच एका गोष्टीभोवती फिरते: वेग हलकेपणातून येतो.

'लाट भेदणारी' रचना म्हणजे काय?

पहिल्या कॅटामरान उंच लाटांत त्रास देत. प्रत्येक लाटेवर पुढचे टोक उचलले जाई आणि आपटे. हर्कस आणि क्लिफर्ड यांनी १९८०च्या दशकात त्यावर उपाय काढला. हलची नाळ, म्हणजे पुढचे टोक, त्यांनी अगदी अरुंद आणि ठेंगणे केले. त्यात हवेचा साठा कमी, म्हणून लाट आली की ते लाटेवर चढत नाही, लाटेतून आरपार जाते.

पण फार मोठी लाट आली आणि दोन्ही नाळा खोल रुतल्या तर? त्यासाठी मधोमध, पाण्याच्या बरेच वर, तिसरी नाळ बसवलेली असते. एरवी ती कोरडी राहते. बोट पुढून बुडू लागली की ती पाण्याला टेकते आणि बोटीला वर उचलते. फोटोत इनकॅटची बोट समोरून पाहिलीत तर तीन टोके दिसतील, त्यातले मधले हे. मला या रचनेत सर्वांत सुंदर हेच वाटते. गरज नसते तेव्हा ते पाण्याला अडवत नाही आणि गरज पडते त्याच क्षणी काम करते.

वाळूजला मी वेल्डर आहे. ही बोट पोलादाची का नाही?

पोलादाचे एक घनमीटर भरते सुमारे ७.८५ टन, अ‍ॅल्युमिनियमचे २.७ टन. ताकद आणि कडकपणा सांभाळायला अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे जाड घ्यावे लागतात, तरीही सांगाड्याचे वजन निम्म्याच्या आसपास येते. वर सांगितले तसे वजनावरच सगळे अवलंबून आहे, म्हणून पोलाद बाद. समुद्रासाठी मॅग्नेशियम मिसळलेले ५०८३ जातीचे अ‍ॅल्युमिनियम सर्रास वापरतात, कारण ते खाऱ्या पाण्यात टिकते.

तुमच्या कामाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो आणि तो धातूपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला वितळतो, म्हणून जोड आधी घासून स्वच्छ करावाच लागतो. ओलावा राहिला तर जोडात बारीक छिद्रे पडतात. आर्गॉनच्या आवरणात मिग किंवा टिग वेल्डिंग करतात. उष्णता पटकन पसरते, पत्रा वाकतो, आणि जोडाशेजारचा पट्टा मूळ पत्र्यापेक्षा कमजोर होतो. रचनाकाराला हे सगळे हिशेबात धरावे लागते. लाटांचे फटके वर्षानुवर्षे बसत राहतात, आणि अ‍ॅल्युमिनियमला पोलादापेक्षा लवकर थकवा येतो. म्हणून या बोटींत तडे शोधण्याची तपासणी कधी संपत नाही. चांगल्या वेल्डरच्या हातावर शेकडो जीव अवलंबून असतात, हे मी कोणत्याही अतिशयोक्तीशिवाय सांगतो.

पंखा नाही, सुकाणू नाही, मग बोट चालते आणि वळते कशी?

वॉटरजेटवर. विहिरीवरची मोटार जसे पाणी ओढून पाइपातून जोरात फेकते, तसाच हा पंप. हलच्या तळाला तोंड असते, तिथून पाणी आत येते, फिरणारी पाती त्याला दाब देतात आणि मागच्या तोंडातून ते झोताने बाहेर पडते. मागचे तोंड डावी-उजवीकडे वळवले की बोट वळते. झोतासमोर झडप पाडून तो पुढच्या दिशेने वळवला की बोट थांबते, मागेही जाते. दोन्ही हलांतले झोत वेगवेगळ्या दिशांना दिले की एवढी मोठी बोट जागच्या जागी फिरवता येते. धक्क्याला लावताना ही फार मोठी सोय आहे.

साध्या पंख्याच्या पात्यांवर जास्त वेगाला पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पाती झिजतात. ३० नॉटच्या पुढे वॉटरजेट सरस ठरतो. खाली काहीच लोंबत नसल्यामुळे बोट उथळ बंदरातही शिरते. मात्र वाहून आलेली लाकडे, दोर, प्लॅस्टिक आत ओढले गेले की काम बिघडते.

इंजिने बहुधा डिझेलची असतात, चार मोठी, प्रत्येक हलमध्ये दोन. काही बोटींत विमानाच्या इंजिनांवरून विकसित केलेली गॅस टर्बाइन असतात.

या बोटींनी अटलांटिकचा विक्रम मोडला, हे खरे का?

खरे, आणि तोही तीनदा. १९५२ मध्ये 'युनायटेड स्टेट्स' या भव्य अमेरिकी जहाजाने ३ दिवस १० तास ४० मिनिटांत अटलांटिक ओलांडला होता. तो विक्रम जवळजवळ ३८ वर्षे टिकला. जून १९९० मध्ये होबार्टहून आलेल्या ७४ मीटरच्या 'हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन'ने तेच अंतर ३ दिवस ७ तास ५४ मिनिटांत कापले आणि सर्वांत वेगाने अटलांटिक ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजाला मिळणारी हेल्स ट्रॉफी मिळवली. इंग्लिश खाडीवर मोटारी नेण्यासाठी बांधलेली ही बोट होती. या आकाराची, लाट भेदणारी ही पहिलीच कार फेरी.

१९९८ मध्ये आधी 'कातालोनिया'ने आणि मग जुलैत 'कॅट-लिंक ५'ने तो विक्रम पुन्हा मोडला. 'कॅट-लिंक ५'ची वेळ २ दिवस २० तास ९ मिनिटे, सरासरी वेग ४१ नॉटहून जास्त. तीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडणारे हे पहिले प्रवासी जहाज. पुढे ते नॉर्वे-डेन्मार्क मार्गावर 'फ्योर्ड कॅट' या नावाने चालले.

मोठ्या जहाजांवर प्रेम करणाऱ्या काहींनी कुरबुर केली की ही फेरीबोट आहे, रोजचे अटलांटिक जहाज नव्हे. त्यांचे म्हणणे मला समजते, पण मला ते पटत नाही. ट्रॉफी वेगासाठी होती, आणि वेग समुद्रात मोजला गेला.

जगातली सर्वांत वेगवान कोणती?

'फ्रान्सिस्को'. इनकॅटने २०१३ मध्ये बांधलेली ९९ मीटरची ही बोट चाचणीत, ओझे नसताना, ५८.१ नॉटला पोहोचली. म्हणजे ताशी १०७ किलोमीटरच्या पुढे. द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी दोन गॅस टर्बाइन तिच्यात आहेत. अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरेस आणि उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ यांच्यामध्ये ती हजारभर प्रवासी आणि दीडशे मोटारी नेते. तिचे नाव मूळच्या अर्जेंटिनाच्याच पोप फ्रान्सिस यांच्यावरून.

इतकी चांगली असेल तर सगळीकडे का दिसत नाही?

इंधन. ढोबळ नियम असा की वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. वेळ निम्मा लागतो, म्हणून एका खेपेचे इंधन चौपट. अरुंद हल हा भार कमी करतात, संपवत नाहीत. अर्धा-पाऊण तास वाचवण्यासाठी प्रवासी किती जास्त पैसे देतो, यावर सगळा धंदा उभा असतो. डिझेल महागले की हिशेब कोसळतो.

स्वीडनच्या स्टेना कंपनीचे उदाहरण घ्या. १९९६ मध्ये तिने १२६ मीटरची 'स्टेना एक्सप्लोरर' आणली. १,५०० प्रवासी, ३७५ मोटारी, ४० नॉट, चार गॅस टर्बाइन मिळून सुमारे ६८,००० किलोवॅट. वेल्सहून आयर्लंडला शंभरेक मिनिटांत. लोकांना ती आवडली. पण तेलाचे भाव चढत गेले, युरोपात १९९९ च्या मध्यापासून देशादेशांतल्या प्रवासात करमुक्त दारू-सिगारेटची विक्री बंद झाली, आणि फेऱ्यांचे मोठे उत्पन्न तिथूनच येत होते. वेग कमी करून पाहिला, फेऱ्या कमी करून पाहिल्या. २०१४ मध्ये ती सेवा थांबली.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी फेरी कंपनीने तीन कॅटामरान स्थानिक गोदीत बांधून घेतल्या. २१ कोटी डॉलरचा अंदाज ४५ कोटींच्या आसपास गेला. पाण्यात उतरल्यावर त्यांच्या लाटांनी किनाऱ्यावरचे धक्के आणि घरे यांना त्रास होऊ लागला, तरंगणारी लाकडे वॉटरजेटमध्ये अडकू लागली. २००३ मध्ये तिन्ही मिळून १.९४ कोटी डॉलरला लिलावात गेल्या. बोटीची रचना वाईट नव्हती. ती जागा तिची नव्हती.

हवाईत २००७ मध्ये सुरू झालेली सेवा दोन वर्षांत न्यायालयाच्या निकालाने थांबली, कारण पर्यावरणाचा अभ्यास न करता तिला मोकळीक दिली होती. देवमाशांच्या समुद्रात एवढ्या वेगाने बोट नेताना तो अभ्यास आधी हवाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे पूल किंवा बोगदा. इंग्लिश खाडीखालचा बोगदा १९९४ मध्ये खुला झाला. डेन्मार्कचा ग्रेट बेल्ट पूल जून १९९८ मध्ये मोटारींसाठी खुला झाला, आणि जुलैत अटलांटिक जिंकून आलेली 'कॅट-लिंक ५' त्याच पुलाशी स्पर्धा करणाऱ्या मार्गासाठी बांधलेली होती. होबार्टला पूल पडला तेव्हा या बोटींना काम मिळाले, आणि डेन्मार्कात पूल उभा राहिला तेव्हा त्यांचे काम गेले. तरीही त्याच देशात ऑरहूस-ऑडन मार्गावर कॅटामरान आजही भरून जातात, कारण तिथे पुलावरून जाण्याचा वळसा फार लांबचा पडतो. नकाशा अनुकूल असेल तर ही बोट टिकते.

आरमारांनी या बोटी का घेतल्या?

सैनिक, वाहने आणि सामान घेऊन ही बोट साध्या धक्क्यालाही लागते. १९९९ मध्ये पूर्व तिमोरच्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने इनकॅटची ८६ मीटरची फेरी भाड्याने घेतली आणि डार्विन-दिली अशा खेपा मारल्या. अमेरिकेने ते पाहिले, काही बोटी वापरून पाहिल्या आणि पुढे ऑस्टलकडून १०३ मीटरच्या कॅटामरानची मालिकाच बांधून घेतली.

मला एसटी लागते. ही बोट लागेल का?

लागण्याची शक्यता आहे, हे लपवून उपयोग नाही. माणसाला सर्वांत जास्त मळमळ होते ती पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली होणाऱ्या हालचालीने. कॅटामरान साध्या जहाजासारखी हळू डोलत नाही. तिचे डोलणे आखूड आणि झटक्याचे असते, आणि तिरप्या लाटेत ती पिळवटल्यासारखी हलते.

त्यावर उपाय म्हणून पुढे पाण्याखाली पंखासारखे फलक आणि मागे हलत्या पट्ट्या बसवतात. संगणक बोटीची हालचाल मोजून त्यांना सतत वर-खाली करत राहतो. बसायला मधली, मागच्या बाजूची, खालच्या मजल्यावरची जागा घ्या. नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलवर नको. पोट फार भरलेले नको आणि रिकामेही नको. औषध घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून, आणि बोट निघण्याआधी.

इतक्या वेगात सुरक्षिततेचे काय?

वेगवान बोटींसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची वेगळी नियमावली आहे. पहिली १९९४ची, सुधारित २०००ची. तिचे तत्त्व मला फार शहाणपणाचे वाटते: बोट हलकी राहू द्या, पण तिला मदतीपासून दूर जाऊ देऊ नका. म्हणून प्रवासी बोटीने आपल्या नेहमीच्या वेगाने आसऱ्याच्या जागेपासून चार तासांपेक्षा लांब जायचे नाही. लाटा ठरलेल्या उंचीच्या वर असतील तर निघायचेच नाही.

आगीची भीती खरी आहे. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंशांना वितळते, पण त्याची ताकद २०० अंशांपासूनच ढासळू लागते. म्हणून गाड्यांचा मजला आणि इंजिनाच्या खोल्या यांना आग अडवणारे जाड आवरण असते. हे आवरण ६० मिनिटे टिकणारे असेल, तर सगळी माणसे १७ मिनिटे ४० सेकंदांत बाहेर काढता आली पाहिजेत, असा हिशेब नियमात आहे. त्यासाठी फुगणाऱ्या घसरगुंड्या आणि तराफे असतात.

कप्तानाला त्या बोटीचे आणि त्या मार्गाचे वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि ते दर दोन वर्षांनी नवे करावे लागते.

उसाचा ट्रक चढेल का?

भरलेला नाही. मालट्रक नेणाऱ्या कॅटामरान आहेत, पण मजल्यावर एका आसाचे वजन ठरलेल्या मर्यादेत लागते आणि एकूण ओझे पाहून जागा दिली जाते. अवजड माल संथ पोलादी जहाजानेच न्यावा.

आमच्या नाथसागरात ही बोट चालंल का?

गंगापूर-पैठण भागातून हा प्रश्न हमखास येतो. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आहे, म्हणजे ३५ नॉटला पन्नासेक मिनिटांचा प्रवास. ऐकायला छान वाटते, पण पाणी ते करू देणार नाही.

कारण असे. उथळ पाण्यात लाटेच्या वेगाला खोलीनुसार मर्यादा असते. बोट त्या वेगाजवळ आली की लाट तिच्यापुढे पळू शकत नाही, पाण्याचा विरोध एकदम उसळतो आणि मागे उंच, ताकदवान लाट उठते. ३५ नॉटसाठी ही मर्यादा सुमारे ३३ मीटर खोलीला येते. नाथसागराचा एकूण साठा २,९०९ दशलक्ष घनमीटर आणि विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर धरला, तर भरलेल्या धरणाचीही सरासरी खोली जेमतेम ८ मीटर निघते. तिथे मर्यादा येते १७ नॉटच्या आसपास. वर गाळ आहे, उन्हाळ्यात पाणी उतरते, आणि १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. एवढ्या लाटा काठावरच्या घरट्यांना आणि मातीला झेपणार नाहीत. शिवाय संभाजीनगर आणि जालन्याचे पिण्याचे पाणी हेच.

मात्र कॅटामरानचे तत्त्व इथे फार उपयोगी आहे. भिव धानोऱ्याची मुले धरणाच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जात होती, हे राज्याने वाचले आहे. ते दृश्य कोणालाही अस्वस्थ करणारे आहे. अशा ठिकाणी वेग नको, स्थैर्य हवे. दोन बंद तरंगते पिंप किंवा हल दूर ठेवून वर कठडा असलेला मजला टाकला तर एका बाजूला मुले गोळा झाली तरी बोट उलटत नाही. हल एकमेकांपासून जितके दूर ठेवाल तितके स्थैर्य वाढते, ढोबळमानाने त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. लहान, संथ, दोन हलांची बोट, लाइफ जॅकेट आणि शिकलेला नावाडी, एवढे गावोगावच्या फुगवट्यांवर मिळायलाच हवे.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो २०२० मध्ये सुरू झाली. गाडीसकट तासाभरात पलीकडे नेते. ती ग्रीसमध्ये बांधलेली साध्या हलची बोट आहे, वेगवान कॅटामरान नाही. गुजरातेत घोघा-हजिरा सेवा त्याच वर्षी सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरचा वळसा समुद्रातून ९० वर येतो. अशा नकाशावर फेरीला अर्थ आहे.

मराठवाड्यातून समृद्धी महामार्गाने मुंबई गाठून अलिबागला जाणाऱ्यांनी मात्र हिशेब करावा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून रस्ताही जवळ आला आहे.

पुढे काय? बॅटरीवर चालेल का?

चालू लागली आहे. इनकॅटने मे २०२५ मध्ये १३० मीटरची 'चिना सोरिया' पाण्यात उतरवली, २,१०० प्रवासी आणि २२५ मोटारींची, पूर्णपणे बॅटरीवर. आधी ती वायूवर चालणार होती, बांधता बांधता बेत बदलला. बॅटऱ्या ४० मेगावॅट-तासांच्या, वजन २५० टनांहून जास्त. तेवढेच काम साधारण ८ टन डिझेलमध्ये होते. हलकेपणावर जगणाऱ्या बोटीने एवढे ओझे पत्करले ते मार्ग छोटा आहे म्हणूनच. वेगही २५ नॉटच्या आसपास ठेवला आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो.

आपल्याकडे कोचीच्या वॉटर मेट्रोत एप्रिल २०२३ पासून बॅटरीवरच्या अ‍ॅल्युमिनियम कॅटामरान धावतात. कोचीन शिपयार्डनेच बांधलेल्या, शंभर प्रवाशांच्या. मोटारी नेत नाहीत, पण हे ज्ञान आता देशात आहे.

मला या क्षेत्रात यायचे आहे. कुठून सुरुवात करू?

बोटीची रचना शिकायची असेल तर नेव्हल आर्किटेक्चर. आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास, कोचीचे कुसॅट विद्यापीठ, आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीचे विशाखापट्टणम केंद्र. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित पक्के लागते. बोटीवर नोकरी करायची असेल तर प्रवेश देणारी संस्था नौवहन महासंचालनालयाच्या यादीत आहे का ते आधी पाहा, आणि नोकरी लावून देणाऱ्या एजंटकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या सरकारी परवान्याचा क्रमांक मागा. तो नसेल तर एक रुपयाही देऊ नका. आपल्याकडच्या अनेक घरांनी जमीन गहाण ठेवून असे पैसे घालवले आहेत.

आयटीआयच्या मुलांनी अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगची परीक्षा द्यावी. तिचे मानक आयएसओ ९६०६ चा दुसरा भाग. पोलादाचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही, वेगळे घ्यावे लागते.